खासगी कोणाचे, सार्वजनिक कोणाचे?

अंगठ्याच्या ठशाने किंवा मोबाईलवर आलेल्या ओटीपीच्या आधारे कुणाचे पैसे लुबाडले गेले की सुशिक्षितांचा निवाडा ठरलेला असतो : ‘त्याने सावध राहायला हवे होते.’ आपली माहिती कंपन्यांच्या हाती का द्यावी, असे कुणी विचारले की दुसरा निवाडा तयार असतो : ‘ज्याला लपवायचे काही नाही, त्याला भय कसले?’ चहाचा पेला संपण्याच्या आत दिलेली ही मते निरुपद्रवी नाहीत. पहिले मत चोरीचा दोष नागवल्या गेलेल्याच्या माथी मारते. दुसरे, माहिती मागणाऱ्याला सोडून देणाऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते.

हे निवाडे महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांना लावून पाहावेत. येथील कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईला गेला. पूर्वी त्याची मनीऑर्डर पोस्टमन हातात आणून देई. आता पैसे खात्यावर येतात. म्हातारी आई अंगठा टेकवून ते काढते, आणि खात्याशी जोडलेला फोन पुष्कळदा मुंबईतल्या मुलाच्या खिशात असतो. यंत्राने तिची तालुक्याची खेप वाचवली, हे मान्य केलेच पाहिजे. यंत्राशी कुणाचे वैर नाही. प्रश्न एवढाच, की यंत्र फसले तर भुर्दंड कोणाला?

2025 मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा स्त्रीच्या आधारबरोबर पतीचा वा पित्याचा आधारही मागण्यात आला. अंगठा नाही, ओटीपी नाही, तर पैसा नाही. जेथे नकार देण्याची सोय नाही, तेथे संमती हा शब्दच पोकळ ठरतो. आणि सावधगिरी कशाची बाळगायची? जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील ठसे उचलून, त्यांच्या रबरी प्रतिकृती करून लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार देशात उघडकीस आले आहेत. पासवर्ड बदलता येतो. भातलावणीत झिजलेला अंगठा कसा बदलणार?

वस्तुतः रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला. मात्र पूर्ण संरक्षण मिळण्यासाठी बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार करण्याची अट घातली. संदेश मुंबईला जातो आणि खातेदार वाडीत असते. 22 जुलै 2021 रोजी महाड पाण्यात बुडाले, वीज गेली, फोन मुके झाले. त्याच दिवशी तळीये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि तेथवर मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. जेथे मृत्यूची वार्ता वेळेवर बाहेर पडत नाही, तेथे चोरीची तक्रार वेळेत का केली नाही, असे विचारणे ही क्रूर थट्टा आहे.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी 2023 मध्ये कायदा झाला. कंपनीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पण तो दंड सरकारी तिजोरीत जाणार, नागवलेल्याच्या हाती छदामही नाही. उलट पीडिताला भरपाई देऊ करणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम वगळण्याची तजवीज याच कायद्याने केली. माहिती अधिकारातील वैयक्तिक माहिती नाकारण्याचे कलम मात्र त्याने अधिक रुंद केले, आणि तो बदल नोव्हेंबर 2025 मध्ये अमलातही आला. सत्तेची दप्तरे खासगी होत चालली. म्हातारीचा अंगठा तेवढा सार्वजनिक झाला.

‘खासगी’ या शब्दाचा हा खेळ महाडला नवा नाही. 1923 च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळेही खुले केले. तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह तेथे पाणी पिईपर्यंत हा हक्क कागदावरच राहिला. मग सनातनी न्यायालयात गेले, ते तळे खासगी असल्याचा दावा घेऊन! 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले, तेव्हा तो वाद संपला. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. तो हक्क आज त्या 1924 च्या ठरावासारखाच कागदावर आहे.

तो जमिनीवर उतरवायचा तर सावधगिरीची प्रवचने पुरे झाली. तक्रार येताच पैसे आधी परत मिळावेत, चौकशी मागाहून व्हावी. दंडाच्या रकमेतून पीडिताला भरपाई मिळावी. अंगठा किंवा फोन नसणाऱ्याचा कागदी अर्ज नाकारला जाऊ नये. पूर आणि दरडींच्या काळात मुदतीचे घड्याळ थांबावे. ग्रामसभांनी असे ठराव करावेत, आणि ते तहसील कचेरीवर मोर्चाने न्यावेत. महाडच्या मातीला एवढे ठाऊक आहे, की कागदावरच्या पाण्याने तहान भागत नाही.