खेळता खेळता येणारी मूर्च्छा

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या वैद्यकीय विषयावर लिहावे, असा संपादक मंडळाचा प्रेमळ आग्रह होता. ज्या रुग्णाविषयी मी लिहिणार आहे, तो माझ्या नातवाचा संगणक आहे. विषय मात्र वैद्यकीयच आहे असे माझे प्रामाणिक मत असून ते आपणां सर्वांस पटावे, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

तक्रार साधी होती. लिहिणे, वाचणे, चित्रपट पाहणे, शाळेचा अभ्यास, हे सारे त्या यंत्रावर तासन्‌तास सुरळीत चाले. मोटारींच्या शर्यतीचा खेळ लावला की मात्र अर्ध्या-पाऊण तासात ते एकाएकी काळे पडे. पूर्वसूचना नाही, निरोप नाही. ‘आबा, पुन्हा बंद पडला,’ अशी हाक माजघरातून येई आणि पाठोपाठ चिरंजीवांचा आवाज येई, ‘बरे झाले. तेवढाच अभ्यास होईल.’ घरात निदान ठरून गेले होते: मुलगा फार खेळतो, म्हणून यंत्र बिघडले. पुढे खेळच बंद करण्यात आला. रुग्णाला चालताना भोवळ येते, तर त्याने चालूच नये, असा हा उपचार झाला.

इंदूरच्या एका दुकानात यंत्र नेले. तेथे ते दोन दिवस चालवून पाहिले. एकदाही बंद पडले नाही. घरी तापाने फणफणणारे मूल दवाखान्यात येताच हसू-खेळू लागते, हा अनुभव आपणांपैकी कोणास नाही? तरीही दुकानदाराने एसएमपीएस बदला, त्याने न भागल्यास ग्राफिक कार्ड बदला, असा सुमारे ३५,००० रुपयांचा सल्ला दिला. त्याला मी फारसा दोष देत नाही. त्याच्यापुढे रांग असते आणि रोगाचा इतिहास विचारण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही. पण हाच प्रकार आपल्या व्यवसायात घडला, तर त्यास आपण अंदाजाने झाडलेली औषधांची फैर म्हणतो.

श्रमाच्या वेळी आलेली मूर्च्छा आणि बसल्या जागी आलेली मूर्च्छा यांचा विचार आपण एकसारखा करीत नाही. जिना चढताना किंवा धावताना शुद्ध हरपणाऱ्या माणसाच्या हृदयाकडे आपण प्रथम पाहतो; महारोहिणीची झडप आकुंचित झाली आहे काय, हृदयाचा स्नायू जाड झाला आहे काय, हे तपासतो. संगणकाला खेळ हाच मोठा श्रम असतो. पत्र लिहिताना आमचे यंत्र साठ-ऐंशी वॉट विजेत काम भागवी. खेळ सुरू झाला की एकट्या ग्राफिक कार्डाची भूक १७० वॉटवर जाते. त्यात प्रोसेसर, पंखे, पडदा आणि एसएमपीएसमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाणारा भाग मिळविला, तर बेरीज पावणेचारशेच्या घरात पोहोचते. तेव्हा ‘खेळताना बंद पडतो’ या शब्दांत मुलाच्या वर्तनाविषयी काहीच नाही. भार वाढला की कोठेतरी पुरवठा कमी पडतो किंवा उष्णता साठते, एवढेच त्यांतून कळते.

विंडोज प्रणाली अशा प्रत्येक घटनेची नोंद ठेवते. मी मोठ्या उत्सुकतेने ती उघडली. तेथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद वारंवार आढळली. तिचा अर्थ इतकाच की, यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे लिहिण्यापैकीच हा प्रकार! मृत्यू कसा आला ते कळते, का आला ते कळत नाही. एक गोष्ट मात्र त्यातून हाती लागली. स्मृतिपट्टी सदोष असती किंवा एखादी आज्ञावली बिघडली असती, तर बहुधा निळा पडदा दिसून त्रुटीचा काही क्रमांक नोंदला गेला असता. येथे तो रकाना शून्य होता. प्रणालीला लिहिण्याइतकाही अवधी मिळाला नव्हता. वीजच गेली होती.

येथवर माझी गाडी रुळावर होती. पुढे मी चुकलो, आणि ते सांगणे मला अगत्याचे वाटते.

तो ऑक्टोबर महिना होता. माळव्यात तेव्हा सोयाबीन निघते आणि मळणीयंत्रांची धूळ आठवडेच्या आठवडे हवेत तरंगत राहते. आमची बागली म्हणजे कालीसिंधच्या उगमाचे गाव. पण त्या दिवसांत पाण्यापेक्षा भुसाच अधिक दिसतो. मी कॅबिनेट उघडले, तर प्रोसेसरवरील शीतकाच्या पात्यांत नमद्यासारखा थर बसला होता. तापमान मोजणारी आज्ञावली लावली, तर खेळताना प्रोसेसर ९७ अंशांवर जात होता. झाले! निदान माझ्या हाती आले. दुकानातून ब्लोअर आणला, अंगणात नेऊन सारी धूळ उडविली (उडविताना पंखे बोटाने धरून ठेवावेत, अन्यथा ते वेडेवाकडे फिरतात), वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावली. तापमान ७४ अंशांवर उतरले, पंख्यांचा आक्रोश थांबला. सूनबाईंनी चहा पाठविला. तीन दिवस मी घरात विजयी वीरासारखा वावरलो आणि चौथ्या संध्याकाळी हाक आली, ‘आबा, पुन्हा बंद पडला.’

मग मी शांतपणे विचार केला. ९७ अंश हे तापमान वाईट खरेच. परंतु आजचा प्रोसेसर त्या टप्प्यावर आधी आपला वेग कमी करतो आणि अगदीच असह्य झाले तरच स्वतःस बंद करून घेतो. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संगणकांची परीक्षणे करणाऱ्या प्रकाशनाने चालू यंत्रातील प्रोसेसरवरचा शीतकच काढून दाखविला होता. पेंटियम ४ मंदावला, पण जगला. त्या वेळच्या एएमडी कंपनीच्या अ‍ॅथलॉनमधून मात्र काही क्षणांत धूर निघाला. तेव्हापासून सर्वच प्रोसेसरांत ही स्वसंरक्षणाची व्यवस्था मुरत गेली. म्हणजे आमच्या यंत्रास दोन आजार होते. धुळीने खेळ अडखळत असे. बंद पडण्याचे कारण वेगळेच होते, आणि मी पहिला आजार सापडताच दुसऱ्याचा शोध सोडून दिला होता. आपल्या ओपीडीत ही चूक किती वेळा घडत असेल, याचा हिशेब मी स्वतःपुरता मनातल्या मनात केला. तो येथे मांडीत नाही.

नातवाला मी तापाच्या तक्त्याप्रमाणे वही घालून दिली. दिवस, वेळ, खेळ सुरू होऊन किती मिनिटे झाली, बंद पडताना काही आवाज आला काय, आणि पडद्याच्या कोपऱ्यातील बारीक दिवाही विझला काय. हा शेवटचा प्रश्न मला फार उशिरा सुचला, आणि सर्वांत मोलाचा तोच ठरला. एसएमपीएस भार सहन न होऊन स्वतःस बंद करतो, तेव्हा कॅबिनेट मरते, पडद्याचा दिवा मात्र जळत राहतो. पुष्कळदा भिंतीवरील बटण काही क्षण बंद करून पुन्हा लावल्याशिवाय यंत्र उठत नाही. आमच्याकडे पडद्याचा दिवाही जात होता. मग रोग कॅबिनेटमध्ये नसून त्याच्या बाहेर होता. दुकानात तो दिसलाच नसता, कारण आम्ही तेथे फक्त कॅबिनेट नेले होते.

पंधरा दिवसांत सात नोंदी झाल्या. सातही संध्याकाळच्या, रविवारी सकाळी मनसोक्त खेळूनही एकही नाही. तोवर नोव्हेंबर उजाडला होता. गव्हाच्या पाण्याचे दिवस, शेताशेतांतून मोटारी सुरू. दवाखान्यातील स्टॅबिलायझरचा काटा त्या वेळी पार खाली आलेला मी रोज पाहत होतो, आणि तरीही मला दोहोंचा संबंध जुळविता आला नव्हता! दाब फार उतरला की यूपीएस बॅटरीवर जातो. आमच्या यूपीएसच्या खोक्यावर ६०० व्हीए हा आकडा ठळक अक्षरांत होता. खरी शक्ती, ३६० वॉट, पाठीमागे बारीक अक्षरांत होती. साधे काम चालू असता तो काही मिनिटे तग धरी. खेळ चालू असता पावणेचारशे वॉटचा भार अंगावर येताच एक शिट्टी मारून तो हात वर करी.

खात्रीसाठी ट्रेडमिल चाचणीसारखा एक प्रयोग केला. महत्त्वाचे सर्व काही जतन करून घेतले आणि केवळ मजकूर टंकीत असताना यूपीएसची पिन भिंतीतून काढली. यंत्र चालू राहिले. मग खेळ सुरू करून तीच पिन काढली. त्याच क्षणी अंधार. नातवाने टाळी वाजविली. चिरंजीव काही बोलले नाहीत, पण खेळावरील बंदी त्या रात्री उठली.

आता माझे मत. आपल्या समाजात घरोघरी डॉक्टर आहेत, आणि घरातील यंत्र अडले की आपण नेमके तेच करतो, जे करणाऱ्या रुग्णांवर आपण रागावतो. इतिहास न सांगता रुग्णास दुकानात टाकून येतो, सुटे भाग बदलू देतो आणि मुलाच्या सवयींना बोल लावतो. त्याहून गंभीर म्हणजे, बंद पडण्याचीच चीड येऊन आपण संरक्षणे काढून टाकतो. वारंवार पडणारा एमसीबी जास्त क्षमतेचा बसवितो, तिसरी पिन मोडून दोन पिनांवर काम भागवितो. ईसीजीची रेषा जाड येऊ लागली की दवाखान्याचे अर्थिंग आपण लगेच तपासवितो. घरी मुलगा ज्या लोखंडी पेटीस पाय टेकवून बसतो, तिचे अर्थिंग कोणी पाहिले आहे? मूर्च्छेत माणूस आडवा होतो म्हणून मेंदूस रक्त पोहोचते. हे यंत्रही बंद पडते, म्हणून जळत नाही. त्या बंद पडण्याशी भांडण्यात काय अर्थ आहे?

आम्ही ११०० व्हीएचा, म्हणजे ६६० वॉटचा, यूपीएस आणला. त्याचा खर्च दुकानदाराच्या अंदाजाच्या पासंगासही पुरणारा नव्हता. हिवाळा सरला, गहू निघाला, यंत्र एकदाही बंद पडले नाही. जुना यूपीएस मी दवाखान्यात नेला असून इंटरनेटच्या राउटरला जोडला आहे. तेवढे काम तो उत्तम करतो.