काकांचा तराजू

दिवाळीची आवराआवर म्हणजे माळ्यावरच्या भुतांची भेट! परवा पंचवटीतल्या आमच्या वाड्यात काकांची लाकडी पेटी खाली आली. आत इवलासा तराजू, पितळी माप आणि लाकडी ठासणी. नातवाने विचारले, "आजोबा, हे कशाला?"

काकांकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. १९६०च्या सुमारास विकतचे काडतूस महाग पडे, म्हणून ते रिकामी काडतुसे घरीच पुन्हा भरीत. टोपी, दारू, चकती, छर्रे, सगळे तोलूनमापून. मध्येच काकू चहाला हाक मारी, मोजणी चुके. मग काका सारी काडतुसे रिकामी करून पहिल्यापासून सुरुवात करीत. काकू चिडे, आम्ही हसत असू.

एकदा त्यांच्या एका स्नेह्याने काळ्या दारूचे माप बिनधुराच्या दारूला लावले. ही दारू फार जोरकस. नळी फुटली, डाव्या हाताची दोन बोटे गेली. त्यानंतर काकांना कोणी हसले नाही.

"आपण भरू या?" नातू म्हणाला. मी सांगितले, "१९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनवायला परवाना लागतो, शिकार तर १९७२च्या कायद्यानेच थांबली. नेम शिकायचा तर रीतसर शिक. आपल्या नाशिकचे भीष्मराज बाम नेमबाजांना आधी मन स्थिर करायला शिकवीत."

स्वारी जरा हिरमुसली. तराजू मात्र घासूनपुसून सौभाग्यवतींनी केशर तोलायला नेला. तोलताना त्यांना हाक मारायची नाही, एवढे मी ठरवले आहे.