भोवळ दहा सेकंदांची, धास्ती महिनाभराची

चक्कर येऊन पडणारं एक तरी पोर आपल्या सगळ्यांच्या वर्गात होतं. पंधरा ऑगस्टची भाषणं लांबली की रांगेतून कुणीतरी धप्पकन् खाली! मग कांदा आणा, चप्पल हुंगवा, ‘अरे हवा येऊ द्या’. दोन मिनिटांत पोर उठून बसायचं. त्याचं पुढे काय झालं, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडायचं नाही.

डॉक्टरी भाषेत हा बहुतेक वेळा ‘व्हॅसोव्हेगल सिंकोप’. बराच वेळ उभं राहणं, उकाडा, कमी पाणी, रक्त दिसणं, निमित्त काहीही. रक्त पायांत साठतं, नाडी मंदावते, प्रेशर घसरतं आणि मेंदूचा पुरवठा क्षणभर कमी पडतो. कोयनेच्या वीजघराशेजारी वाढलेल्या पोफळीकरांना ‘ट्रिप होणं’ वेगळं समजवायला नको. आडवं केलं, पाय वर उचलले की सप्लाय पूर्ववत. शंभरातल्या साधारण पंधरा मुलांना अठराव्या वर्षापर्यंत एकदा तरी हा अनुभव येतो.

मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम मधल्या दिवसांचा.

समजा, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, याच पोफळीत आठवीतली एक मुलगी आहे. दोन महिन्यांत तीनदा पडली. आई म्हणते, चिपळूणला एकटीने एसटीने जायचं नाही. सर म्हणतात, खो-खो बंद. शेजारच्या काकू हळूच सुचवतात, ‘बाहेरचं काही आहे का बघून घ्या.’ कुणीतरी ‘फिट’ हा शब्द काढतं आणि तो जो चिकटतो, तो थेट लग्नाच्या बोलणीपर्यंत. ईसीजी नॉर्मल, डॉक्टर निर्धास्त. पण पोरीचं जग घर-शाळा-घर एवढंच उरलेलं.

हे मोजता येतं, बरं का! अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स वार्नी यांची ‘पेड्सक्यूएल’ नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. २३ प्रश्न. शरीराबद्दल आठ, मन, मित्रमंडळी आणि शाळा यांबद्दल पाच-पाच. गेल्या महिन्यात धावणं जड गेलं का, भीती वाटली का, मुलं चिडवतात का, शाळा बुडली का. ‘कधीच नाही’ला १००, ‘जवळजवळ नेहमी’ला शून्य, मग सरासरी. सिनसिनाटीच्या डॉक्टरांनी हीच प्रश्नावली भोवळ येणाऱ्या मुलांना दिली आणि २०१२ साली निष्कर्ष छापले. निरोगी मुलांपेक्षा या मुलांचे गुण कमी भरले होते. ‘काही नाही हो, होईल मोठी झाली की ठीक’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

अर्थात फूटपट्टी तिकडची आहे. पहिल्याच प्रश्नात ‘एक ब्लॉक’ चालण्याचा उल्लेख. पोफळीत ब्लॉक कुठून आणायचा? इथे चढ विचारायला हवा, पावसाळ्यातला शाळेचा रस्ता विचारायला हवा.

या प्रश्नावलीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे ती मुलांना वेगळी आणि आईवडिलांना वेगळी देतात. दोन्ही उत्तरं जुळतातच असं नाही. दुखणं लांबलं की पालक बऱ्याचदा मुलापेक्षा काळं चित्र रंगवतात. आई म्हणणार ‘ती घाबरलीय’, आणि पोरीला खरा त्रास मैदानाबाहेर बसवल्याचा! अशा वेळी औषध कोणाला द्यायचं, सांगा.

एक मात्र पक्कं. धावताना किंवा पोहताना शुद्ध हरपली, आधी छातीत दुखलं किंवा धडधडलं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर प्रश्नावली नंतर, आधी हृदयरोगतज्ज्ञ. बाकीच्यांना भरपूर पाणी, डॉक्टर म्हणतील तेवढं मीठ, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली की लाज न बाळगता तिथेच खाली बसायची सवय. आणि सरांना एक चिठ्ठी: खो-खो चालेल.