पाटीच्या पलीकडची मराठी

मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की दुकानांच्या पाट्यांचा विषय हटकून निघतो. पाटी मराठीत असावी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु आजचे गिऱ्हाईक पाट्या वाचत पेठेत हिंडत नाही. ते आधी मोबाईलवर शोधते आणि मग घराबाहेर पडते. त्या शोधात मराठीचे स्थान काय, हा प्रश्न आपल्या भाषाप्रेमी मंडळींच्या ठरावांत क्वचितच दिसतो. सीमेपलीकडच्या लिंबायतच्या निमित्ताने तो येथे मांडावासा वाटतो.

लिंबायत हा सुरत शहराचा भाग. पण नंदुरबार, धुळे, जळगावच्या माणसाला तो परमुलूख वाटत नाही. उधना-जळगाव रेल्वेमार्गाने आपली माणसे तिकडे गेली, यंत्रमागावर आणि साडीच्या कारखान्यांत राबली, स्थिरावली. तेथील गल्लीत अहिराणी कानावर पडते. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. मात्र या मंडळींपैकी कुणी स्वतःचा धंदा थाटून संकेतस्थळ काढतो, तेव्हा घरात आणि दुकानात बोलली जाणारी भाषा नेमकी तेथेच गळून पडते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले: “मराठीत शोधतो कोण?”

हे उत्तर तपासून पाहिले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. आता तर टंकलेखन येण्याचीही गरज उरलेली नाही. मोबाईलशी मराठीत बोलले तरी शोध सुरू होतो. शिरपूरचा किरकोळ दुकानदार ‘सुरत साडी होलसेल भाव’ असे विचारील आणि मराठीत एकही धड पान नसेल, तर त्याला दुसऱ्या भाषेतले पान मिळेल. मग तोही पुढच्या वेळी त्याच भाषेत विचारील. पान नाही म्हणून शोध नाही आणि शोध नाही म्हणून पान नाही, असे हे दुष्टचक्र आहे. ते पान लिहिणाऱ्यानेच तोडायचे आहे.

सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन या भारदस्त नावाचा धसका घेण्याचे कारण नाही. विचारणारा ज्या शब्दांत विचारतो, त्या शब्दांत खरे आणि पुरेसे उत्तर लिहून ठेवणे, हे त्याचे मर्म. लोक ‘होलसेल’ म्हणत असतील तर तेथे ‘घाऊक’चा हट्ट धरून भाषेची सेवा होत नाही, दोन्ही शब्द सुखाने नांदू शकतात. पानामागे शब्दांची यादी दडवून काही साधत नाही. अशी यादी आपण क्रमवारीसाठी विचारात घेत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले. पानाची भाषाही ते दिसणाऱ्या मजकुरावरूनच ठरवते. ‘मुख्यपृष्ठ’ आणि ‘संपर्क’ एवढी दोन बटणे मराठीत आणि बाकी सारे इंग्रजीत, अशा पानाला मराठी कोण म्हणेल? छापखान्यातल्या जुन्या फाँटमधला मजकूर तसाच चढवला, तर डोळ्यांना मराठी दिसते पण यंत्राला निरर्थक अक्षरे मिळतात. मजकूर युनिकोडमध्येच हवा, आणि भावपत्रकाचे नुसते छायाचित्र टाकून भागणार नाही.

अनेक भाषांचा संसार कसा करावा, हे आपल्या नवापूरच्या रेल्वे स्थानकाने शिकवावे. दोन राज्यांची हद्द त्या स्थानकातून जाते आणि तेथे मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत उद्घोषणा होतात. चारही एकाच वेळी केल्या तर कुणालाच गाडी कळणार नाही. संकेतस्थळाचेही तसेच आहे. प्रत्येक भाषेचे पान वेगळे, त्याचा पत्ता वेगळा, आणि प्रत्येक पानावर उरलेल्या पानांची नोंद. या नोंदीला एचरेफलँग म्हणतात. गूगलने ती २०११ मध्ये आणली. तीत मराठीचा संकेत ‘एमआर’. तो भाषेच्या जागी, म्हणजे पहिला लिहायचा, देशाचा त्यानंतर. देशांच्या यादीत हीच दोन अक्षरे मॉरिटानिया या आफ्रिकी देशाची आहेत! न्यू जर्सीतल्या मराठी घरासाठी भाषा तीच, पण किंमत डॉलरमध्ये आणि पोहोचण्याचे दिवस वेगळे, असे स्वतंत्र पान करता येते. नऊवारी शोधणाऱ्या त्या घराला लिंबायतचा पत्ता आपल्या भाषेत मिळावा, यात अशक्य काय आहे?

येथे अहिराणीची अडचण सांगितली पाहिजे. तिला जागतिक यादीत तीन अक्षरी संकेत आहे, दोन अक्षरी नाही. आणि गूगलच्या या नोंदीत दोन अक्षरी भाषासंकेतच चालतो. म्हणून मराठी पानावरच अहिराणी शब्द मोकळेपणाने लिहावेत. लिहिलेला शब्दच सापडतो.

प्रश्न केवळ साडीविक्रीचा नाही. गावाकडून नव्याने आलेल्या बापाने मुलीसाठी ‘लिंबायत मराठी शाळा’ असे शोधले, आणि पत्ता, इयत्ता, प्रवेशाची कागदपत्रे मराठीत कुठेच लिहिलेली नसली, तर शाळा चार गल्ल्यांवर असूनही त्याच्यापुरती ती नाहीच. ती मुलगी दुसऱ्या माध्यमात जाईल आणि पुढे पटसंख्या कमी झाल्याबद्दल आपणच सभा घेऊ.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद सर्वांनाच आहे. पण दर्जा दिल्लीहून मिळतो, पाने मात्र आपणच लिहावी लागतात. यंत्राकडून भाषांतर करून न वाचता चढवलेली शंभर पाने नकोत. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेचे, व्यापाऱ्याने आपल्या मालाचे, मंडळाने आपल्या कामाचे एकेक नेटके पान यंदाच्या २७ फेब्रुवारीला लिहावे. भाषणे एक वर्ष थांबली तरी चालतील.