शंभरी गाठणारे दंड

मुलांनो, परवा मधल्या सुट्टीत चौथीतला एक पठ्ठ्या विचारत होता, "बाई, आमचा दादा म्हणतो, जिममध्ये इंजेक्शन मिळतं, महिन्यात बॉडी! खरं का?" दादा सोळाचा.

दंड फुगतात, हे खरं. त्या औषधांना स्टेरॉइड म्हणतात. (डॉक्टर दम्याला देतात ते निराळं हं, त्याला घाबरू नका.) पण वाढत्या वयात ती टोचून घेतली तर हाडांची वाढणारी टोकं वेळेआधीच बंद होऊ शकतात, उंची तिथंच थांबते. ऑस्ट्रियाचा नामवंत शरीरसौष्ठवपटू आंद्रेआस म्युंत्झर ही औषधं घ्यायचा. १९९६ साली यकृत नि मूत्रपिंडं निकामी होऊन गेला. वय अवघं ३१!

आता कलकत्त्याचे मनोहर आईच बघा. उंची जेमतेम चार फूट अकरा इंच. इंग्रज अधिकाऱ्याला थप्पड लगावली म्हणून तुरुंगात गेले, तर तिथंही व्यायाम चालूच! १९५२ साली, चाळिशीत, आपल्या गटात 'मिस्टर युनिव्हर्स' झाले. खाणं काय? भात, डाळ, भाजी, मासे. २०१६ साली वारले तेव्हा वय होतं १०४.

"दादाला घेऊन ये," म्हटलं त्या पठ्ठ्याला. अजून आलेला नाही. मी वाट बघतेय.