गाईड निवडताना

१९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि आजोबांची बंदूक भिंतीवर गेली. आता नातू वायोमिंगला एल्कच्या शिकारीला निघालाय! तिथल्या विल्डरनेस भागात परराज्यातल्या माणसाला मोठ्या जनावरासाठी परवानाधारक गाईड लागतोच. ओळखीचा स्थानिक रहिवासी परवाना काढून सोबत आला तरी चालतं. तंबू-घोडे पुरवणारे आउटफिटर पुष्कळ. पण जाहिरातीतली शिंगं बघून डिपॉझिट भरू नका. आधी परवाना राज्याच्या बोर्डाकडे तपासा. मग जुन्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर मागा, आणि रिकाम्या हातानं परतलेल्यांचे आवर्जून मागा. बर्फ पडल्यावर गाईड कसा वागला, हे तेच सांगतात. आम्ही मागितले, तर एकानं फोनच आपटला. दुसऱ्यानं चार नंबर दिले, वर मुलाला दम्याचा त्रास आहे का, हेही विचारलं. डिपॉझिट त्यालाच पाठवलं.