दाखला वेळेत, मग घर कधी?



एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने लोकसेवा हक्क अध्यादेश काढला. त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात त्याचेच विधेयक आले. ते पास झाले आणि कायमचा कायदा झाला. सरकारी काम वेळेत मिळणे हा आता जनतेचा हक्क झाला, असे पेपरात छापून आले. आम्ही हा अध्यादेश वाडीच्या बैठकीत मोठ्याने वाचला. बारावीपर्यंत शिकलेले आम्ही तिघेच, भाषा वकिली, म्हणून दोन रात्री लागल्या. वाचून झाल्यावर एक म्हातारी म्हणाली, "समदं बरं हाय. पन माजी चूल जितं हाय ती जागा ह्या कागदात कुटं हाय?"

आम्ही पुन्हा पाने उलटली. ती जागा त्यात कुठेच नव्हती. म्हणून हे लिहितो आहोत.

आधी चांगले काय ते सांगतो. उगाच शिव्या घालणे हे संघटनेचे काम नाही. अर्ज दिला की पोच द्यावी लागेल. कोणते काम कोण आणि किती दिवसांत करणार ते कचेरीत लावावे लागेल. अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावे लागेल. मग पहिले अपील, दुसरे अपील आणि त्यावर आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. हे सगळे आम्हाला पाहिजेच आहे. मध्य प्रदेशात असा कायदा २०१० मध्ये झाला, बिहारमध्ये २०११ मध्ये. आपल्याकडे उशिरा का होईना, आला.

पण आपल्या राज्यात २००५ चा दप्तर दिरंगाईचा कायदा आहेच. कुठल्याही टेबलावर फाईल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, असे त्यात लिहिले आहे. नागरिकांची सनदही त्यातच आहे. इतकी वर्षे झाली, आमच्यापैकी कितीजणांची फाईल सात दिवसांत हलली? जुना कायदा का पाळला नाही याचा हिशोब न देता नवा कायदा पुढे करणे म्हणजे जुन्या उधारीवर नवी वही काढणे.

आता मुद्द्यावर येतो. या कायद्याचे घड्याळ कधी सुरू होते? 'पात्र व्यक्तीने' सगळी कागदे जोडून अर्ज दिला की त्या दिवसापासून. आमचे हाल त्या दिवसाच्या आधीचे आहेत. आमचा अर्ज पूर्णच होत नाही, मग घड्याळ कशाला सुरू होईल?

आम्ही भोगलेली एक गोष्ट सांगतो. आमच्या वाडीतला एक जण कोळशाच्या भट्टीवर भाजला. राजीव गांधी जीवनदायी योजना रायगड जिल्ह्यात २०१२ पासून होती, पिवळे किंवा केशरी कार्ड असले की दीड लाखापर्यंत उपचार फुकट होते. पण कार्ड त्याच्या मेलेल्या बापाच्या नावाचे, लग्नानंतर वेगळे काढलेले नाही. दवाखान्यात सांगितले, तुझे नाव यात दिसत नाही. वेगळ्या कार्डासाठी बायको कचेरीत गेली. तिथे म्हणाले, राहत असल्याचा पुरावा आणा. घरपट्टीची पावती नाही, कारण घराची नोंदच नाही. नोंद करायला गेली तर म्हणाले, जागा दुसऱ्याची आहे, मालकाची ना हरकत आणा. मालक ना हरकत देत नाही. का देईल? उद्या तोच कागद आमचा पुरावा होईल हे त्याला आमच्यापेक्षा चांगले कळते.

तोवर जखमा घरीच भरल्या. त्याचा उजवा हात आज आखडलेला आहे, पहार धरता येत नाही. घरात दोन लहान पोरे आहेत.

नवा कायदा असता तर या माणसाला काय मिळाले असते? काहीच नाही. दवाखान्याने नियम पाळला, कचेरीने नियम पाळला, कोणी एक दिवसही उशीर केला नाही. दंड कुणाला करणार? चार ठिकाणी चार जण बरोबर होते आणि एका माणसाचा हात गेला. दवाखान्यापासून सुरू केलेली गोष्ट शेवटी घराखालच्या जमिनीवर येऊन थांबली. घरकुलाचेही तेच. २०१६ पर्यंतची इंदिरा आवास असो की शबरी, यादीत नाव लागते, मग जागेचा उतारा मागतात. उतारा नाही म्हणून नाव मागे पडते. विजेचे मीटर घ्यायला गेलो तरी तेच ऐकावे लागते. जातीच्या दाखल्याला १९५० च्या आधीचा पुरावा पाहिजे. आमचे आजे-पणजे तेव्हा मालकाच्या रानात लाकूड तोडत होते, त्यांचा कागद कोणी करून ठेवला? कागदावर आम्ही आदिम जमात. महाराष्ट्रात अशा तीनच, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. आदिम म्हणून आमच्या नावाने योजना निघतात आणि कागद नाही म्हणून त्या आमच्यापर्यंत पोचत नाहीत.

काही शहाणे म्हणतात, तुम्ही लोक दिवाळी झाली की भट्टीवर जाता, पावसाला परत येता, तुमचे कागद राहणार कसे? आम्ही विचारतो, आम्ही जातो का? पोटाला जमीन नाही म्हणून उचल घेऊन जातो. आणि पावसाला परत कुठे येतो? त्याच वाडीत, त्याच चुलीपाशी. तीन-चार पिढ्या एकाच जागी परत येणाऱ्या माणसाला रहिवासी म्हणायचे नाही, आणि मुंबईला राहून सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मात्र गावचा म्हणायचे, हा कुठला न्याय?

दुसरी गोष्ट. कायद्यात हक्काच्या कलमाच्या सुरुवातीलाच अट आहे. कायदेशीर, तांत्रिक आणि आर्थिक दृष्टीने जमेल त्याच्या अधीन राहून सेवा मिळण्याचा हक्क राहील. साध्या भाषेत, पैसे असले तर देऊ. असा हक्क आम्हाला मालकही देत आला आहे. आणि 'सेवा' म्हणजे काय, तर सरकार जाहीर करील तेवढीच. जन्माचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला यात बसतो. उपकेंद्रात नर्स हजर असणे, घरकुलाचा हप्ता मिळणे, वाडीला रस्ता होणे, हे बसेल याची हमी नाही. म्हणजे जन्माचा दाखला वेळेत मिळेल, पण बाळंतिणीला अजून झोळीत घालून रस्त्यापर्यंत न्यायचे. मेल्याचा दाखलाही वेळेत मिळेल.

दूर कशाला जायचे, आपल्या दासगावकडे बघा. २००५ च्या जुलैत डोंगर खाली आला. जुई, रोहण, कोंडिवते आणि दासगाव. महाड तालुक्यात दोनशेच्या जवळपास माणसे गेली. २०१५ च्या जुलैत त्याला दहा वर्षे झाली. दासगावच्या दरडग्रस्तांतली घरे तेव्हाही पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढत होती. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, पावसात आतले बोलणे ऐकू यायचे नाही. तात्पुरती म्हणून बांधलेली शेड दहा वर्षे टिकली, सरकारचा शब्द टिकला नाही. ही माणसे सगळी आदिवासी नाहीत, वेगवेगळ्या समाजाची आहेत, पण दुखणे एकच. पायाखाली स्वतःच्या नावाची जमीन नव्हती. त्यांच्या कामाला या कायद्यात किती दिवसांची मुदत आहे? दहा वर्षांच्या उशिराचा दंड ५,००० रुपये?

आणि आता घाई का, तेही ऐका. महामार्गाचे चौपदरीकरण आले. रस्त्याकडेच्या जमिनीला भाव आला आहे. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो, तिथे चूल पेटवणाऱ्याला नाही. ज्या मालकाने वीस वर्षे वाडीकडे वळून पाहिले नाही तो आता मोजणी करायला माणसे आणतो. कुठे कुठे कुंपणाचे खांब पडले आहेत. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून पेसाचा आधार आम्हाला नाही. प्रकल्प कार्यालय पेणला. पोलादपूरच्या माणसाचा जाऊन यायला एक रोज बुडतो, आणि बुडालेल्या रोजाबद्दल या कायद्यात एक अक्षर नाही.

मग कायदाच नाही का आमच्या बाजूने? आहे. १९४८ च्या कुळकायद्यात लिहिले आहे की कुळाला आणि शेतमजुराला राहत्या घरातून सहज हुसकावता येणार नाही आणि घराखालची जागा विकत घेण्याचा पहिला हक्क त्याचा. १९६६ च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार कलेक्टरला आहे. म्हणजे वाडीला गावठाण करायला नवा कायदा लागत नाही. सही लागते.

नुसता कायदा काय करतो हे महाडच्या माणसाला कोणी शिकवायला नको. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही ठराव करून चवदार तळे खुले केले. तीन वर्षे ते तळे कागदावर खुले होते. २० मार्च १९२७ ला माणसे चालत गेली, पाण्याला हात लावला, तेव्हा ते खरे झाले. मग मार खाल्ला, नगरपालिकेने ठराव मागे घेतला, कोर्टात दहा वर्षे गेली, १९३७ मध्ये हायकोर्टात निकाल बाजूने लागला. त्याच १९२७ च्या डिसेंबरात दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब बोटीने आले ते आपल्या या दासगाव बंदरात उतरले आणि महाडपर्यंत पायी गेले. मंडपाला जागा कोणी देईना, ती फत्तेखान यांनी दिली. सभेला उभे राहायलासुद्धा आधी जमीन लागते, साथींनो.

म्हणून सरकारकडे आमची मागणी अशी:

१. राहत्या घराखालची जागा नावावर करण्याचा आणि वाडीला गावठाण करण्याचा अर्ज ही या कायद्यातली सेवा म्हणून जाहीर करा. त्याला मुदत घाला.

२. कागद नसेल तिथे ग्रामसभेचा ठराव आणि जागेवरचा पंचनामा पुरावा धरा. पुरावा गोळा करण्याचे काम अधिकाऱ्याचे. त्याने वाडीत यावे.

३. मालकाची ना हरकत मागणे बंद करा.

४. दवाखाना, घरकुल आणि दरडग्रस्तांचे पुनर्वसन 'पैसे असतील तर' या अटीतून बाहेर काढा.

आता थोडे आपल्याबद्दल. आपलीही चूक आहे. साहेब म्हणाला "ठेवून जा" की आपण अर्ज ठेवून येतो. पोच मागायला लाजतो. कार्ड दुकानदाराकडे गहाण ठेवतो. हे बंद करायचे. हा कायदा अर्धा असला तरी त्यातली पोच आपली आहे. पोचेवर तारीख असते आणि तारीख हाच उद्याचा पुरावा.

तर ठरले असे. भट्टीवर जायच्या आधी, दिवाळीच्या आत, महाड आणि पोलादपूर तालुक्यातल्या प्रत्येक आदिवासीवाडीने घरटी एक अर्ज लिहायचा. घराखालची जागा नावावर करा, वाडीला गावठाण द्या. लिहिता येत नसेल त्याचा आम्ही लिहू. सगळ्यांनी एकाच दिवशी, बायाबापड्यांसकट चालत जायचे आणि एकेकाने आपला अर्ज द्यायचा. घेणार नाही म्हणाले तर तिथेच बसायचे.

हे पान ज्याला वाचता येते त्याने वाडीत मोठ्याने वाचावे. आणि त्या म्हातारीचा प्रश्न सगळ्यांनी पाठ करावा. कचेरीत तोच विचारायचा आहे.

पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचे नाही!
चुलीखालची जमीन आमची, आमच्या नावावर करा!